बेंजामिन फ्रँकलिनचा मुलगा राजाच्या बाजूने का राहिला?

जुलै 1776 मध्ये फिलाडेल्फियात अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला. त्याचा मसुदा करायला नेमलेल्या पाच जणांच्या समितीत बेंजामिन फ्रँकलिन होते. त्याच सुमारास त्यांचा एकुलता एक हयात मुलगा विल्यम याला सैनिकांच्या पहाऱ्यात कनेटिकटला नेलं जात होतं, कैदी म्हणून. तो न्यू जर्सीचा गव्हर्नर होता. ते पद त्याला इंग्लंडच्या राजाने दिलं होतं आणि राजाच्या नावाने घेतलेली शपथ मोडायला तो तयार नव्हता.

ही गोष्ट बहुतेक ठिकाणी दोन ओळींत उरकली जाते: बाप देशभक्त, मुलगा इंग्रजधार्जिणा. मला ते पटत नाही. विल्यम ज्या खुर्चीवर बसला तिथपर्यंत त्याला बापानेच बोट धरून नेलं होतं. राज्यावर निष्ठा ठेवावी, सरकारी नोकरी इमानाने करावी, हेही तो बापाकडूनच शिकला. पुढे बाप बदलला, मुलगा बदलला नाही. हे नीट समजून घ्यायचं तर आधी त्या काळचा गव्हर्नर म्हणजे कोण, हे पाहायला हवं.

सही राजाची, पगार लोकांचा

आज अमेरिकेत प्रत्येक राज्याचा गव्हर्नर लोकांच्या मतांवर निवडून येतो. 1776 पूर्वी अटलांटिकच्या किनाऱ्यावरच्या तेरा वसाहतींत तीन तऱ्हा होत्या. कनेटिकट आणि ऱ्होड आयलंड या दोन वसाहती आपला गव्हर्नर स्वतः निवडत. पेनसिल्वेनिया, डेलावेअर आणि मेरीलँड या राजाने खासगी घराण्यांना बहाल केलेल्या वसाहती. तिथे पेन आणि कॅल्व्हर्ट ही मालक घराणी आपला माणूस नेमत. उरलेल्या आठ ठिकाणी राजा गव्हर्नर पाठवी. न्यू जर्सी या आठांपैकी एक.

राजाने नेमलेल्या गव्हर्नरची अवस्था मोठी अवघड असे. त्याच्याकडे अधिकार दांडगे होते. तो विधानसभा बोलावू शके, तहकूब करू शके, बरखास्तही करू शके. तिने केलेला कायदा नाकारू शके. गुन्हेगाराला माफी देऊ शके. पण कर बसवायचा आणि तिजोरीतून पैसा सोडायचा तो विधानसभेने. गव्हर्नरचा स्वतःचा पगारसुद्धा तीच मंजूर करी. म्हणजे लंडनहून आलेला हुकूम अमलात आणायचा आणि ज्यांना तो नकोसा आहे त्यांच्याकडूनच पगार मागायचा. बरेच गव्हर्नर या कात्रीत सापडून वर्षा-दोन वर्षांत हैराण होत.

न्यू जर्सीत आणखी एक त्रांगडं होतं. मुळात पूर्व जर्सी आणि पश्चिम जर्सी अशा दोन वसाहती होत्या. 1702 मध्ये त्या एक करून राजाच्या अखत्यारीत आणल्या, पण राजधान्या दोनच राहिल्या: पूर्वेला समुद्रकाठचं पर्थ अँबॉय, पश्चिमेला डेलावेअर नदीवरचं बर्लिंग्टन. विधानसभा आळीपाळीने दोन्हीकडे भरे. अशा ठिकाणी विल्यम 1763 पासून 1776 पर्यंत, तेरा वर्षं टिकला. न्यू जर्सीच्या राजनियुक्त गव्हर्नरांत इतका काळ कोणीच टिकलं नव्हतं.

आई कोण, हे कधीच कळलं नाही

विल्यमचा जन्म 1730-31 च्या आसपास फिलाडेल्फियात झाला. तो विवाहबाह्य संबंधातून जन्मला होता. बेंजामिननी मूल आपलं म्हणून घरी आणलं, पण आईचं नाव आयुष्यभर सांगितलं नाही. 1764 च्या निवडणुकीत विरोधकांनी पत्रक काढलं की घरातली बार्बरा नावाची मोलकरीणच या मुलाची आई, आणि तिला शेवटपर्यंत मोलकरणीसारखंच राबवलं. पत्रक राजकीय वैरातून आलं होतं, त्यामुळे त्यावर विसंबता येत नाही.

विल्यमला वाढवलं डेबरा रीडने. तिची स्वतःची कहाणीही सरळ नव्हती. तिचा पहिला नवरा कर्ज करून वेस्ट इंडिजला पळून गेला होता. तो मेल्याचं ऐकिवात होतं, पुरावा नव्हता. त्यामुळे बेंजामिनशी तिचं रीतसर लग्न होऊ शकत नव्हतं. 1 सप्टेंबर 1730 पासून दोघं नवरा-बायको म्हणून एकत्र राहू लागले, आणि समाजाने ते मान्य केलं. 1732 मध्ये त्यांना फ्रान्सिस झाला. तो चार वर्षांचा असताना देवीच्या रोगाने गेला. बेंजामिननी त्याला टोचून घेतलं नव्हतं, आणि ते दुःख त्यांना म्हातारपणापर्यंत सलत राहिलं. 1743 मध्ये सॅली झाली. म्हणजे डेबराचा पोटचा मुलगा गेला आणि सावत्र मुलगा राहिला. 1755 मध्ये त्या घरी राहिलेल्या एका कारकुनाने रोजनिशीत लिहून ठेवलंय की विल्यम समोरून गेला तेव्हा डेबराने त्याला जगातला सर्वांत मोठा बदमाश म्हटलं. पुढे मात्र दोघांचं बरं जमलं. बेंजामिन वर्षानुवर्षं लंडनला असताना तिची विचारपूस करणारा विल्यमच होता.

बापाचा मात्र त्याच्यावर जीव होता. 1752 मधला, आभाळातली वीज तपासायचा पतंगाचा प्रयोग सगळ्यांना ठाऊक आहे. जुन्या चित्रांत बेंजामिनच्या शेजारी सात-आठ वर्षांचं पोर दिसतं. प्रत्यक्षात विल्यम तेव्हा साधारण एकवीस वर्षांचा, लष्करात कॅप्टन होऊन आलेला तरुण होता. प्रयोग फसला तर लोक हसतील म्हणून बेंजामिननी तो गुपचूप केला आणि फक्त मुलाला विश्वासात घेतलं. पेनसिल्वेनियाच्या विधानसभेतली कारकुनी, फिलाडेल्फियाचं पोस्टमास्तरपद, टपाल खात्याचे हिशेब, ज्या ज्या जागा बेंजामिननी वर चढताना सोडल्या त्यांतल्या अनेक त्यांनी मुलाला मिळवून दिल्या. 1755 मध्ये इंग्रजांच्या जनरल ब्रॅडकच्या सैन्यासाठी गाड्या-घोडे जमवायचे होते, तेव्हाही विल्यम बरोबर होता, आणि पुढच्या हिवाळ्यात सरहद्दीवर गढ्या बांधायला बाप गेला तेव्हाही. दोघंही तेव्हा राजाचे निष्ठावंत प्रजाजन होते. तेरा वसाहतींचा वेगळा देश होईल हे बेंजामिनच्या स्वप्नातही नव्हतं.

लंडनची पाच वर्षं

1757 मध्ये बापलेक लंडनला गेले. बेंजामिनना पेन घराण्याविरुद्ध पेनसिल्वेनियाची बाजू मांडायची होती, विल्यमला मिडल टेंपल या वकील घडवणाऱ्या संस्थेत वकिली पुरी करायची होती. क्रेव्हन स्ट्रीटवर एका विधवा बाईंच्या घरी ते भाड्याने राहिले. 1758 मध्ये दोघं नॉर्थहँप्टनशायरमधल्या एक्टन गावी गेले, पूर्वजांचं मूळ शोधायला. चर्चच्या नोंदवह्या चाळल्या, शेवाळलेल्या थडग्यांवरची नावं घासून वाचली. आपण मूळचे इथले, ही भावना विल्यमच्या मनात तेव्हा पक्की झाली असावी असं मला वाटतं. 1761 मध्ये तिसऱ्या जॉर्जचा राज्याभिषेक त्याने प्रत्यक्ष पाहिला. पुढच्या वर्षी ऑक्सफर्डने बापाला मानद डॉक्टरेट आणि मुलाला मानद एम. ए. दिली.

याच काळात बापाची कथा मुलाच्या आयुष्यात पुन्हा घडली. 1760 मध्ये विल्यमलाही लग्नाशिवाय मुलगा झाला, आणि त्याच्याही आईचं नाव नोंदलं गेलं नाही. मुलाचं नाव विल्यम टेंपल, मिडल टेंपलवरून. त्याला परक्या घरी वाढायला ठेवलं. खर्च आजोबा बघत. तो फ्रँकलिन घराण्यातला आहे हे बरीच वर्षं त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं.

1762 मध्ये वरच्या वर्तुळातल्या ओळखी कामी आल्या आणि विल्यमला न्यू जर्सीचं गव्हर्नरपद मिळालं. पेन घराण्याच्या पोटात दुखलं. अशा जन्माच्या माणसाला इतकं मोठं पद, अशी कुजबुजही झाली. 4 सप्टेंबर 1762 ला त्याने एलिझाबेथ डाउन्सशी लग्न केलं. ती बार्बाडोसमधल्या एका श्रीमंत मळेवाल्याची मुलगी. बेंजामिन लग्नाला थांबले नाहीत, आधीच जहाजावर चढले होते.

कामाला उतरलेला गव्हर्नर

फेब्रुवारी 1763 मध्ये कडाक्याच्या थंडीत विल्यम पर्थ अँबॉयला पोहोचला, आणि बापाने सोबत केली. सुरुवातीची वर्षं तो चांगला कारभारी ठरला. तो अमेरिकेत वाढलेला असल्यामुळे लोकांची नाडी त्याला कळे. विधानसभेशी तो भांडला कमी, बोलला जास्त. 1766 मध्ये त्याने क्वीन्स कॉलेजची सनद दिली; तेच आजचं रटगर्स विद्यापीठ. न्यू जर्सीत शिकलेल्या अनेक मराठी मुलांच्या पदवीची मुळं अशी या माणसाच्या सहीपर्यंत जातात.

1765 चा स्टँप कायदा हा पहिला मोठा हादरा. कागदपत्रं, वर्तमानपत्रं, अगदी पत्त्यांच्या जोडावरही लंडनच्या संसदेने मुद्रांक लादला. बेंजामिननाही लोकांचा राग इतका भडकेल असं वाटलं नव्हतं. मुद्रांक वाटपाची जागा त्यांनी पेनसिल्वेनियात आपल्या एका मित्राला मिळवून दिली होती. फिलाडेल्फियात त्यांच्या घरावर जमाव चालून येणार अशी बोलवा उठली तेव्हा विल्यम घोडा दामटत गेला आणि सॅलीला बर्लिंग्टनला घेऊन आला. डेबराने घर सोडायला नकार दिला. बंदुका भरून, नातलगांना हाताशी धरून ती बसून राहिली. न्यू जर्सीतल्या मुद्रांक अधिकाऱ्याने भीतीने राजीनामा दिला. विल्यमने मुद्रांक वाटायचा हट्ट धरला नाही, उघड अवज्ञाही केली नाही. वेळ मारून नेली. दुसऱ्या वर्षी संसदेने कायदाच मागे घेतला.

तिजोरीच्या चोरीत मात्र तो अडकला. 1768 च्या जुलैत पूर्व जर्सीच्या खजिनदाराच्या पर्थ अँबॉयमधल्या घरातून साडेसहा हजार पौंडांहून जास्त सरकारी रक्कम चोरीला गेली. विधानसभा म्हणू लागली, खजिनदार निष्काळजी आहे, त्याला काढा. विल्यम म्हणाला, खजिनदार काढणं-ठेवणं हा गव्हर्नरचा अधिकार, आणि गुन्हा सिद्ध झालेला नाही. वाद वर्षानुवर्षं चिघळला. अखेर 1774 मध्ये खजिनदाराने राजीनामा दिला. वरवर पाहता प्रकरण एका पेटीतल्या पैशांचं होतं, पण त्यामागचा प्रश्न मोठा होता: वसाहतीत शेवटचा शब्द कोणाचा, लोकांनी निवडलेल्या सभेचा की राजाच्या माणसाचा? पुढच्या क्रांतीत याच प्रश्नाचा निकाल लागायचा होता.

1771 मध्ये बेंजामिन आत्मचरित्र लिहायला बसले तेव्हा त्याची सुरुवातच त्यांनी ‘प्रिय मुला’ अशी केली. तो मुलगा म्हणजे चाळिशीतला, गव्हर्नर झालेला विल्यम. तोवर दोघांत दुरावा नव्हता.

बाप फिरला तो दिवस

29 जानेवारी 1774 ला लंडनमध्ये प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळापुढे, बेंजामिनना उभं केलं गेलं. मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरची खासगी पत्रं त्यांनी बॉस्टनला पाठवली होती आणि ती तिथे छापली गेली होती. सरकारी वकील वेडरबर्न तासभर त्यांना भर सभेत चोर, विश्वासघातकी म्हणत राहिला. उमराव खिदळत होते. बेंजामिन एक शब्दही न बोलता उभे राहिले. लगेच त्यांचं अमेरिकेतल्या टपाल खात्याचं पदही गेलं. बापाला या अपमानाने कायमचं तोडलं. त्यांनी मुलाला लिहिलं, तूही नोकरी सोड, शेती कर, त्यात जास्त इमान आणि स्वातंत्र्य आहे.

विल्यमने नोकरी सोडली नाही. त्याचा कोणी अपमान केला नव्हता. त्याला संसदेचे कर चुकीचे वाटत होते, पण दुरुस्ती अर्ज-विनंतीने व्हावी, दंगलीने नाही, असं त्याचं ठाम मत होतं. हेच मत दहा वर्षांपूर्वी बेंजामिनचंही होतं. डिसेंबर 1774 मध्ये डेबरा वारली. बेंजामिन दहा वर्षं लंडनमध्येच होते. बर्फातून वाट काढत अंत्ययात्रेला गेला तो विल्यम. तुम्ही मागेच परत यायला हवं होतं, ती तुमची वाट पाहून खचली, असं त्याने बापाला कळवलं.

जानेवारी 1775 मध्ये त्याने विधानसभेपुढे भाषण केलं. तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत, तो म्हणाला. एक शांततेकडे आणि सुखाकडे जातो, दुसरा अराजकाकडे आणि यादवी युद्धाकडे. (काळाचा अंदाज यावा म्हणून सांगतो: त्यानंतर दोनच महिन्यांनी इकडे राघोबादादांनी इंग्रजांशी सुरतेचा तह केला. ज्या कंपनीच्या चहापायी बॉस्टनला वणवा पेटला होता, तीच ही ईस्ट इंडिया कंपनी.)

मे 1775 मध्ये बेंजामिन परतले. त्याआधीच मॅसॅच्युसेट्समधल्या लेक्सिंग्टनला गोळी चालून युद्धाला तोंड फुटलं होतं. फिलाडेल्फियाजवळ ट्रेव्होजला त्यांचे जुने सहकारी जोसेफ गॅलोवे यांच्या घरी तिघं बसले. बेंजामिननी सांगितलं, आपण आता स्वातंत्र्याच्या बाजूने आहोत. गॅलोवे आणि विल्यम दोघांनाही ते मान्य झालं नाही. त्या रात्रीनंतर बापलेकांमधलं अंतर वाढतच गेलं.

एक गोष्ट मात्र त्या वर्षी चांगली झाली. बेंजामिन येताना पंधरा वर्षांच्या टेंपलला बरोबर घेऊन आले होते, आणि त्याला त्याचं खरं आडनाव सांगितलं. 1775 चा उन्हाळा टेंपल पर्थ अँबॉयला बाप आणि सावत्र आईबरोबर राहिला. एलिझाबेथला स्वतःचं मूल नव्हतं, तिने त्याला माया लावली. ते राहत होते ते ‘प्रोप्रायटरी हाउस’ आजही उभं आहे. न्यू जर्सीतल्या एडिसन गावाच्या आसपासच्या मराठी मंडळींना तिथे गाडीने सहज जाता येईल, आणि जरूर जावं.

अटक, आणि सुनेचं पत्र

इतर राजनियुक्त गव्हर्नर एकामागून एक निघून गेले होते. व्हर्जिनियाच्या डन्मोरने आणि न्यूयॉर्कच्या ट्रायनने जहाजांचा आसरा घेतला. मॅसॅच्युसेट्सचा हचिन्सन 1774 मध्येच लंडनला गेला होता. विल्यम मात्र जागेवरून हलला नाही. लंडनला खबरा पाठवत राहिला. जानेवारी 1776 मध्ये त्याची पत्रं पकडली गेली आणि घरावर पहारा बसला. जूनमध्ये त्याने विधानसभा बोलावण्याचा फतवा काढला, तेव्हा न्यू जर्सीच्या प्रांतिक काँग्रेसने, म्हणजे बंडखोरांच्या सभेने, त्याला देशाच्या स्वातंत्र्याचा शत्रू ठरवून अटक केली. बर्लिंग्टनला चौकशी झाली. ही चौकशीच बेकायदा आहे म्हणून तो उत्तरं देईना. प्रिन्सटनच्या कॉलेजचे अध्यक्ष जॉन विदरस्पून यांनी तेव्हा त्याच्या ‘थोर जन्मावरून’ टोमणा मारला. ते धर्मोपदेशकही होते. राजकीय मतभेदात माणसाचा जन्म काढणं मला हीन वाटतं, कोणत्याही बाजूने.

सगळ्या वसाहतींच्या फिलाडेल्फियातल्या काँग्रेसने त्याला कनेटिकटचे गव्हर्नर जोनाथन ट्रंबल यांच्या ताब्यात दिलं. इथे आधी सांगितलेल्या तीन तऱ्हा आठवा. ट्रंबल हेही जुन्या राजवटीतलेच गव्हर्नर, पण त्यांना लोकांनी निवडलं होतं. म्हणून लोक जिकडे गेले तिकडे ते गेले, आणि त्यांचं पद टिकलं. विल्यमला राजाने नेमलं होतं. एकाच हुद्द्याची दोन माणसं, एक तुरुंगाच्या बाहेर, एक आत, फरक नेमणुकीचा.

पर्थ अँबॉयला एलिझाबेथ एकटी, आजारी, भोवती सैनिक. टेंपल काही दिवस तिच्याजवळ होता. बेंजामिननी त्याच्या हाती तिला साठ डॉलर पाठवले. ऑगस्ट 1776 मध्ये तिने सासऱ्यांना पत्र लिहिलं: पैशांबद्दल आभार मानले, आणि मग विनवलं की विल्यमला अब्रूला बट्टा न लागेल अशा जामिनावर घरी येऊ द्या, मी तुमच्या मुलासाठी आणि माझ्या लाडक्या नवऱ्यासाठी पदर पसरते आहे. बेंजामिननी त्यावर काही केलं नाही. टेंपलने सावत्र आईचं पत्र घेऊन बापाला भेटायला जायचं म्हटलं, तेही त्यांनी होऊ दिलं नाही. सप्टेंबरच्या अखेरीस त्यांनी नातवाला निरोप धाडला, ताबडतोब ये, तुझ्या फायद्याचं काही आहे. ऑक्टोबरमध्ये त्याला आणि सॅलीच्या सात वर्षांच्या मुलाला घेऊन ते फ्रान्सला निघाले. मुलाला न विचारता त्याचा मुलगा नेला. या सगळ्या कहाणीत मला सर्वांत खटकतं ते हेच.

विल्यमही गप्प बसणारा नव्हता, हेही सांगायला हवं. कनेटिकटमध्ये त्याला शब्दावर मोकळं ठेवलं होतं, आणि तिथे तो राजाच्या वतीने माफीपत्रं वाटत राहिला. हे उघडकीला आल्यावर 1777 च्या वसंतात त्याला लिचफिल्डच्या तुरुंगात एकांतात डांबलं. खोली अंधारी, घाण. बोलायला माणूस नाही. मला जिवंत गाडलं आहे, असं त्याने ट्रंबलना लिहिलं. जुलैत बातमी आली की न्यूयॉर्कमध्ये एलिझाबेथ मरणपंथाला लागली आहे. त्याने जॉर्ज वॉशिंग्टनना विनंती केली, एकदा भेटू द्या. वॉशिंग्टननी सहानुभूतीचे शब्द जोडून अर्ज काँग्रेसकडे धाडला. काँग्रेसने नकार दिला. 28 जुलै 1777 ला एलिझाबेथ गेली. सेंट पॉल्स चॅपेलमध्ये तिला पुरलं. दहा वर्षांनी विल्यमने इंग्लंडहून तिच्या नावाची शिळा तिथे बसवून घेतली.

सूडाची वर्षं

ऑक्टोबर 1778 मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत डेलावेअरचे प्रमुख जॉन मॅकिन्ली यांच्या बदल्यात विल्यम सुटला. बाहेर आलेला माणूस जुना, समजुतीने घेणारा गव्हर्नर राहिला नव्हता. न्यूयॉर्कमध्ये त्याने राजनिष्ठांचं मंडळ उभारलं, आणि त्या मंडळाच्या टोळ्या न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर धाडी घालू लागल्या. एप्रिल 1782 मध्ये त्यांच्यातल्या कॅप्टन लिपिंकॉटने जोशुआ हडी या पकडलेल्या बंडखोर कॅप्टनला फासावर चढवलं. राजनिष्ठ फिलिप व्हाइटच्या मृत्यूचा हा बदला, अशी चिठ्ठी प्रेताच्या छातीवर टोचलेली होती. वॉशिंग्टननी बदल्यात चिठ्ठ्या टाकून चार्ल्स अॅसगिल हा कोवळा इंग्रज अधिकारी फाशीसाठी निवडला. त्याच्या आईने फ्रान्सच्या दरबारात पदर पसरला म्हणून तो वाचला. लिपिंकॉट खटल्यातून सुटला, कारण मंडळाचा हुकूम आहे अशी त्याची समजूत होती असं न्यायालयाने मानलं. डाग विल्यमवर राहिला. त्याची निष्ठा मी समजू शकतो, या कृत्याची भलामण करणार नाही. ऑगस्ट 1782 मध्ये तो कायमचा लंडनला गेला.

पॅरिसमध्ये युद्ध संपवणाऱ्या तहाची बोलणी चालू होती, अमेरिकेच्या बाजूचा चिटणीस होता टेंपल. राजनिष्ठांच्या जप्त मालमत्तेची भरपाई द्यावी असा इंग्रजांचा आग्रह होता. त्याला सर्वांत कडवा विरोध बेंजामिनचा. सुमारे 60 हजार राजनिष्ठ देश सोडून गेले. विल्यमला ब्रिटिश सरकारने थोडी भरपाई आणि वर्षाला 800 पौंडांचं निवृत्तिवेतन दिलं. त्याने गमावलेल्याच्या मानाने ते काहीच नव्हतं.

जुलै 1784 मध्ये त्याने बापाला पत्र लिहिलं. माफी मागितली नाही. मी माझं कर्तव्य समजून वागलो, चुकलो असेन तर इलाज नाही, पण आता पूर्वीसारखं प्रेमाचं नातं जोडू या, असं लिहिलं. बेंजामिनचं उत्तर ऑगस्टमध्ये आलं. म्हातारपणी एकुलत्या एका मुलाने सोडून जावं, एवढंच नाही, ज्या कामात माझी कीर्ती, संपत्ती आणि जीव पणाला लागला होता त्यात माझ्याविरुद्ध शस्त्र उचलावं, याइतकं दुःख मला दुसऱ्या कशानेही झालं नाही. राजकीय कर्तव्यांच्या आधी काही नैसर्गिक कर्तव्यं असतात, असंही त्यांनी सुनावलं. बापाला राजाविरुद्ध लढताना हाच न्याय लावला असता तर? मुलाविषयी बापाचंही काही नैसर्गिक कर्तव्य नव्हतं का? एलिझाबेथचं पत्र वाचल्यावर हे प्रश्न मनात येतातच.

जुलै 1785 मध्ये फ्रान्सहून घरी जाताना बेंजामिन इंग्लंडच्या साउथॅम्प्टन बंदरात चार दिवस थांबले. विल्यम भेटायला आला. भेटीत मुख्य काम झालं ते व्यवहाराचं. विल्यमने न्यू जर्सीतली शेतजमीन टेंपलला विकायची, तीही खरेदीच्या किमतीपेक्षा कमी दराने, आणि न्यूयॉर्कमधल्या जमिनी बापाच्या जुन्या कर्जापोटी सोडायच्या. कागद झाले, सह्या झाल्या. त्यानंतर बापलेक पुन्हा भेटले नाहीत.

17 एप्रिल 1790 ला बेंजामिन वारले. मालमत्तेचा मोठा वाटा सॅलीला मिळाला. विल्यमच्या वाट्याला नोव्हा स्कोशियातल्या जमिनीवरचा हक्क आणि आधीच त्याच्याजवळ असलेली पुस्तकं-कागद. कारणही मृत्युपत्रात लिहिलेलं: गेल्या युद्धात तो माझ्याविरुद्ध वागला हे जगजाहीर आहे, ज्या संपत्तीला मला मुकवायचा त्याने प्रयत्न केला, तिच्यातून त्याला अधिक का देत नाही ते यावरून कळेल.

विल्यमने 1788 मध्ये मेरी डेव्हेलिन या विधवेशी दुसरं लग्न केलं होतं. पुढे टेंपलही इंग्लंडला आला आणि बापाजवळ राहू लागला. 1798 मध्ये त्यालाही लग्नाशिवाय मुलगी झाली, विल्यमच्या बायकोच्या नात्यातल्या बाईपासून. तिचं नाव एलेन. सलग तिसऱ्या पिढीत तेच घडलं. टेंपल मुलीला टाकून पॅरिसला निघून गेला आणि बापलेकांचं पुन्हा बिनसलं. एलेनला वाढवलं म्हाताऱ्या विल्यमने. ऐंशी ओलांडून तो गेला तेव्हा उरलंसुरलं बहुतेक सगळं त्याने तिच्या नावावर केलं होतं. टेंपलने 1817-18 मध्ये आजोबांचे कागद संपादून छापले, आणि 1823 मध्ये तो पॅरिसमध्ये वारला.